लॉक लावलेलं असूनही बेरीज चुकते? डेटा रेस कशी सापडली, त्याची नोंद

लक्षण आधी सांगतो. प्रोग्रॅममध्ये दोन थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारी दोन कामं, एकाच आकड्यात भर घालतात. आकडा बहुतेक दिवस बरोबर येतो. आठवड्या-पंधरवड्यातून एकदा कमी भरतो, जास्त कधीच नाही. प्रोग्रॅम बंद पडत नाही, एरर येत नाही, टेस्ट सगळ्या पास होतात. आणि कोड उघडून बघावं तर बेरजेच्या ओळीवर लॉक, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप, व्यवस्थित लावलेलं दिसतं. तुमच्याकडे असं काही होत असेल तर पुढचं तुमच्यासाठी आहे. मला यात तीन महिने गेले. तुमची एखादी दुपारच जावी म्हणून लिहितोय.

आमचा प्रोग्रॅम गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका दूध संकलन केंद्रावर चालतो, वाळपईपासून थोडं आत. उत्पादक कॅन घेऊन येतो, काट्यावर ठेवतो, माप आमच्या प्रोग्रॅमकडे येतं, पावती निघते, आणि त्या वेळेच्या एकूण लिटरांत ते दूध मिळवलं जातं. पहिलं वर्षभर एकच काटा होता. एकही तक्रार आली नाही. पुढच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर केंद्राने दुसरा काटा घेतला, आम्ही दुसरा थ्रेड सुरू केला, आणि जूनपासून बेरीज अधूनमधून चुकायला लागली.

जून म्हटल्यावर सगळ्यांनी बोट दाखवलं ते विजेकडे. पावसात त्या बाजूला लाईट जाणं काही नवं नाही, त्यामुळे मीही तेच धरून चाललो. यूपीएस बदलला, काट्याच्या केबल बदलल्या. फरक येतच राहिला. तोवर केंद्रावर वेगळीच कुजबुज सुरू झाली होती. टाकीतलं माप जास्त आणि कागदावरची बेरीज कमी, याचा दुधाच्या धंद्यात एकच अर्थ लावतात: कुणीतरी पाणी घालतंय. दुधातलं पाणी ओळखणारा लॅक्टोमीटर ठीक दाखवत होता, तरीही. काट्यावर बसणारी मुलगी नुकतीच कामाला लागली होती. तिने मला फोन केला. "दादा, मी काही घातलेलं नाही हो. तुम्ही एकदा येऊन बघा ना." चूक माझ्या कोडमध्ये होती आणि संशय तिच्यावर होता. हे लिहिण्यामागे तो फोन आहे.

लॉग घालून काय झालं

मी पहिल्यांदा तेच केलं जे आपण सगळे करतो. प्रत्येक पायरीवर लॉगची, म्हणजे काय चाललंय ते लिहून ठेवणारी, ओळ घातली आणि वाट पाहत बसलो. दहा दिवस बेरीज चोख. केंद्राच्या सचिवांना कळवलं, "भाऊ, सुटलं वाटतं." अकराव्या दिवशी ६.४ लिटर कमी.

सरासरी आठ दिवसांतून एकदा येणारा दोष दहा दिवस दिसला नाही, तर तो गेला असं म्हणता येत नाही. नुसत्या योगायोगाने दहा दिवस कोरडे जाण्याची शक्यताच जवळजवळ २९ टक्के असते. म्हणजे काहीही न बदलता दर तीन-चार प्रयत्नांमागे एकदा "सुटलं" असं वाटणारच. डेटा रेसच्या (दोन थ्रेड क्रम न लावता एकाच जागेला हात लावतात त्या दोषाच्या) बाबतीत "आता दिसत नाही" हा पुरावाच नव्हे. मध्येच स्लीप (मुद्दाम थोडा वेळ थांबणं) टाकून किंवा लॉग घालून दोष गेल्यासारखा वाटला, तर वेळेचं गणित थोडं सरकलं एवढंच झालं.

फरकाचा आकडा नीट बघा

कामाला आलेली पहिली गोष्ट संगणकातली नव्हती. साखळीमार्गे बसने वाळपईला गेलो, केंद्रावर बसलो आणि त्या दिवसाच्या पावत्या एकेक करून मिळवल्या. पावत्यांची बेरीज टाकीच्या मापाशी जुळली. म्हणजे एकेका उत्पादकाची नोंद बरोबर होती, पैसे कुणाचेच कमी झाले नव्हते. फक्त "एकूण" चुकत होतं. आणि ६.४ लिटरचा फरक हा अगदी बरोबर एका पावतीएवढा होता: सकाळी ६ वाजून ५२ मिनिटांची, पहिल्या काट्यावरची. दुसऱ्या काट्यावर त्याच सेकंदाला ३.८ लिटरची पावती निघाली होती. मागच्या दोन चुकलेल्या दिवसांच्या पावत्या काढल्या. दोन्ही दिवशी हेच. फरक एका पूर्ण नोंदीएवढा, आणि त्याच सेकंदाला दुसऱ्या काट्यावर नोंद.

म्हणून चुकीच्या आकड्याकडे नुसतं "चुकला" म्हणून बघू नका. तो कसा चुकलाय त्यावरून पुष्कळ कळतं. फरक पूर्ण नोंदीएवढा आणि नेहमी कमीच असेल तर एका थ्रेडचं लिखाण दुसऱ्याने पुसलं आहे. आकडा अगदीच अशक्य असेल, अर्धा जुना आणि अर्धा नवा वाटावा असा, तर एकाचं लिहिणं पुरं होण्याआधी दुसऱ्याने वाचलं आहे. ३२ बिटांच्या प्रोसेसरवर ६४ बिटांच्या चलाचं असं होऊ शकतं. डीबग बिल्ड चालतो पण ऑप्टिमाइझ केलेला बिल्ड एखाद्या लूपमध्ये अडकून बसतो, असं असेल तर बहुधा साधा बूलियन झेंडा दोन थ्रेडमध्ये वापरला आहे आणि कंपाइलरने तो लूपच्या बाहेर एकदाच वाचून ठेवला आहे. मॅपमध्ये किंवा व्हेक्टरमध्ये भर घालताना कधीतरी क्रॅश होतो, तर दोघे जण एकाच वेळी तो बदलतायत.

आमचा कोड

नावं मराठीत करून, नको ते काढून, तो असा होता:

काटा::नोंद(वजन)
　　लॉक.लाव
　　जुनं = एकूण
　　कार्डावर_लिही(जुनं + वजन)
　　एकूण = जुनं + वजन
　　लॉक.काढ

लाईट गेली तरी बेरीज राहावी म्हणून नवा आकडा आधी मेमरी कार्डावर लिहायचा, तो पक्का बसला की मग मेमरीत बदलायचा, असा विचार होता. मेमरीत एकूण ४१२.६ आहे असं धरा. पहिल्या काट्याचा थ्रेड ४१२.६ वाचतो आणि कार्डावर लिहायला जातो. तेवढ्यात दुसऱ्या काट्याचा थ्रेडही ४१२.६ वाचतो. पहिला परत येऊन ४१९.० ठेवतो. मागून दुसरा येऊन ४१६.४ ठेवतो. खरं उत्तर ४२२.८. गेले ते पहिल्याचे ६.४.

पण हे व्हायला नको, कारण लॉक आहे! मी या पाच ओळी किमान वीस वेळा वाचल्या असतील. दर वेळी नजर लॉकवर पडायची आणि मी पुढच्या फाईलकडे वळायचो.

इतक्या क्वचित का होत होतं याचंही गणित मांडता येतं. कार्डावर लिहायला साधारण १५ मिलिसेकंद लागत होते. एका काट्यावर गर्दीच्या वेळी ३० सेकंदांना एक कॅन. दुसऱ्याची नोंद आपल्या मागेपुढे १५ मिलिसेकंदांत सुरू झाली तरच टक्कर, म्हणजे ३० सेकंदांत ३० मिलिसेकंद, हजारात एक. एका वेळेला काट्यामागे ६० कॅन, दिवसातून दोन वेळा: रोज १२० संधी. आठ दिवसांनी हजार होतात. केंद्रावरच्या अनुभवाशी हा हिशेब जुळला तेव्हा मला पहिल्यांदा खात्री पटली की वीज, केबल, माणूस यांतलं काहीच नाही.

थ्रेडसॅनिटायझर

इथून पुढे मी चुकीचा आकडा पकडायचा नाद सोडला. ज्याचा खरोखर उपयोग झाला तो प्रश्न वेगळा आहे: या दोन वापरांमध्ये आधी कोण, मग कोण, हे कशाने ठरतं? डेटा रेसची व्याख्याच ती आहे. दोन थ्रेड एकाच जागेला हात लावतात, त्यांतला किमान एक लिहितो, किमान एक वापर अ‍ॅटॉमिक (मध्येच तुटू न शकणारा) नाही, आणि दोघांत क्रम लावणारं काही नाही. आकडा त्या दिवशी बरोबर आला का, हा मुद्दाच नाही. सी++ मध्ये २०११ च्या मानकापासून असा प्रोग्रॅम थेट "वर्तन अनिश्चित" या वर्गात जातो. निरुपद्रवी डेटा रेस असं काही त्यात शिल्लक राहत नाही.

हा प्रश्न यंत्राकडून विचारून घेण्याचं साधन म्हणजे थ्रेडसॅनिटायझर. क्लँग आणि जीसीसी या दोन्ही कंपाइलरांत तो येतो, जीसीसीत ४.८ पासून. कंपाइल आणि लिंक दोन्ही वेळा "एफसॅनिटाइझ=थ्रेड" हा फ्लॅग द्यायचा, सोबत "जी" म्हणजे डीबग माहिती. प्रोग्रॅम ५ ते १५ पट हळू चालतो आणि मेमरी ५ ते १० पट खातो, म्हणून तो केंद्रावर चालवायचा नसतो. शिवाय त्याला ६४ बिटांचं यंत्र लागतं आणि केंद्रावरचा छोटा बोर्ड ३२ बिटांचा. त्यामुळे पर्वरीच्या ऑफिसमधल्या लिनक्स मशीनवर प्रोग्रॅम पुन्हा बांधला आणि काट्यांच्या जागी वजनं पाठवणारे दोन खोटे प्रोग्रॅम लावले.

तिथे दोनदा अडकलो. पहिल्यांदा तो सुरूच होईना, मेमरी मॅपिंग अनपेक्षित आहे असं सांगून बंद पडायचा. कारण नवं कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि जुना कंपाइलर. नवी कर्नल मेमरीतल्या पत्त्यांची उलथापालथ जास्त बिटांनी करतात, आणि जुन्या थ्रेडसॅनिटायझरचा आराखडा त्यात बसत नाही. सिस्कंट्रोलमधलं, म्हणजे कर्नलच्या सेटिंगमधलं, "एमएमॅप आरएनडी बिट्स" हे मूल्य २८ केलं की चालतं. कंपाइलर नवा घेतलात तर बहुधा ही वेळ येणार नाही.

दुसरी अडचण जास्त महत्त्वाची. प्रोग्रॅम अर्धा तास चालला आणि एकही इशारा नाही. मी हताश झालो होतो. कारण होतं ते माझ्याच लॉगच्या ओळींत. लॉग लिहिणाऱ्या फंक्शनला स्वतःचं एक सामायिक लॉक होतं. पहिल्या थ्रेडने एकूण बदलून लॉग लिहिला, ते लॉक सोडलं; दुसऱ्याने लॉग लिहायला तेच लॉक घेतलं आणि मग एकूणला हात लावला. थ्रेडसॅनिटायझरच्या दृष्टीने दोघांत क्रम लागला, तक्रारीला जागा नाही. क्रम अपघाताने लागला होता, पण त्याला ते कळायचं साधन नाही. लॉग काढून टाकले आणि पहिल्याच मिनिटात इशारा आला. तेव्हा तपासायच्या आधी शोधासाठी घातलेले लॉग काढा. बाकीच्या लायब्ररीही शक्य तेवढ्या त्याच फ्लॅगने बांधा, नाहीतर त्यांच्यातलं त्याला दिसत नाही. आणि जो कोड त्या वेळी चाललाच नाही त्याबद्दल तो काही सांगणार नाही, हे ध्यानात ठेवा.

रिपोर्ट लांबलचक असतो. वरून वाचत गेलात तर पहिल्या भागात आत्ताचा वापर: किती बाइटांचं लिखाण की वाचन, कोणत्या थ्रेडमधून, कोणत्या ओळीवर. दुसऱ्या भागात त्याच जागेचा आधीचा वापर. मग ती जागा नेमकी कोणती, आणि दोन्ही थ्रेड कुठे जन्माला आले. आधीच्या वापराची ओळ सापडत नाही असं आलं तर "टीसॅन ऑप्शन्स" या चलात "हिस्टरी साइझ" ७ पर्यंत वाढवा, म्हणजे तो जास्त मागचं लक्षात ठेवतो.

माझ्या रिपोर्टमध्ये दोन्ही भाग एकाच ओळीकडे बोट दाखवत होते, "एकूण = जुनं + वजन". पण उत्तर होतं ते ओळीच्या शेवटी कंसात. तिथे त्या क्षणी थ्रेडच्या हातात कोणती लॉक होती ते लिहिलेलं असतं. पहिल्या भागात एम९. दुसऱ्या भागात एम१०.

दोन वेगळी लॉक. एकूण हे सगळ्या काट्यांचं मिळून एक, स्टॅटिक. आणि लॉक मात्र काट्याच्या क्लासचा सदस्य, म्हणजे प्रत्येक काट्याचं आपापलं. दोघेही इमानाने आपापलं कुलूप लावून एकाच पेटीत हात घालत होते. एक काटा असताना एकच ऑब्जेक्ट आणि एकच लॉक, म्हणून वर्षभर काही झालं नाही. तुमच्याकडेही "जुना कोड आहे, कधी बिघडला नव्हता" असं कुणी म्हणालं, तर आधी हे शोधा की नुकतं एकाचं दोन काय झालं.

अ‍ॅटॉमिक केलं आणि फसलो

घाईत मी एकूण अ‍ॅटॉमिक करून टाकलं. थ्रेडसॅनिटायझर गप्प. एकही इशारा नाही. केंद्रावर पाठवायच्या बेतात होतो, पण त्या मुलीचा फोन आठवला आणि आधी आकडा तपासायचं ठरवलं. कार्डावर लिहिण्याच्या जागी मुद्दाम २०० मिलिसेकंदांची स्लीप घातली, दोन्ही खोट्या काट्यांवरून हजार-हजार नोंदी पाठवल्या. बेरीज कितीतरी कमी. दोष उपटून काढायला स्लीप चालत नाही, पण तो मोठा करून दाखवायला तिच्यासारखं साधन नाही.

अ‍ॅटॉमिक केल्याने वाचणं तेवढं सुरक्षित झालं आणि लिहिणं तेवढं सुरक्षित झालं. वाचण्यापासून लिहिण्यापर्यंतची मधली फट तशीच राहिली. दुसरा थ्रेड त्या फटीतून पूर्वीसारखाच आत येत होता. डेटा रेस गेली होती. रेस कंडिशन, म्हणजे कोण आधी पोचतो त्यावर उत्तर ठरणं, राहिली होती. हे दोन शब्द आपण बोलताना एकमेकांच्या जागी वापरतो, आणि त्याची किंमत अशी मोजावी लागते. थ्रेडसॅनिटायझर फक्त पहिली पकडतो. तो गप्प आहे म्हणून हिशेब बरोबर आहे असं नाही. पायथनवाल्यांनी जीआयएलवर (एका वेळी एकच थ्रेड चालू देणाऱ्या पायथनच्या लॉकवर), जावावाल्यांनी व्होलटाइलवर (चल दर वेळी ताजं वाचायला लावणाऱ्या खुणेवर) विसंबून राहू नये ते याच कारणाने: वाचा, मध्ये काहीतरी करा, मग लिहा, या तीन पायऱ्या दोन्हींतलं कोणीच एकत्र बांधून देत नाही.

खरा उपाय एका ओळीचा होता. लॉक काट्याच्या क्लासमधून काढून एकूणच्या शेजारी ठेवलं, तेही स्टॅटिक. डेटा जिथे राहतो तिथेच त्याचं लॉक राहिलं पाहिजे. त्याने बेरीज सुटली, पण नवी कटकट आली: कार्ड कधीकधी अडखळायचं, आणि तेवढा वेळ दुसरा काटा खोळंबायचा. उत्पादकांची रांग असताना ते बरं दिसत नाही. मग रचना बदलली. दोन्ही काट्यांचे थ्रेड नोंद फक्त रांगेत टाकतात, आणि हिशेबाचा एकच थ्रेड ती काढून बेरीज करतो, कार्डावर लिहितो. एकूणला लिहिणारा आता एकच आहे. पडद्यावर दाखवण्यासाठी दुसरा थ्रेड ते वाचतो, म्हणून ते अ‍ॅटॉमिक ठेवलं आहे, आणि तिथे अ‍ॅटॉमिक खरंच पुरतं. माझ्या मते जिथे जमेल तिथे हीच रचना घ्यावी. लॉक बरोबर लावण्यापेक्षा वाटून न घेणं सोपं.

क्लँग वापरत असाल तर चलावर "गार्डेड बाय" अशी खूण करून ठेवता येते. मग "थ्रेड सेफ्टी"चा वॉर्निंग फ्लॅग दिला की चुकीचं लॉक धरून त्याला हात लावल्यास कंपाइल करतानाच सूचना मिळते. जीसीसीच्या प्रमाण लायब्ररीतल्या म्युटेक्सवर (म्हणजे लॉकवर) तशा खुणा नसतात, म्हणून त्याच्याभोवती छोटं वेष्टण लिहावं लागतं. हे आधी केलं असतं तर जूनमध्येच कळलं असतं.

त्याच तपासात आणखी दोन डेटा रेस सापडल्या. पावतीवरची वेळ काढायला "लोकलटाइम" वापरलं होतं. ते आतल्या एकाच सामायिक जागेत उत्तर ठेवतं, त्यामुळे एका काट्याच्या पावतीवर दुसऱ्याची वेळ येऊ शकते. "लोकलटाइम_आर" ला आपली जागा द्यावी, झालं. दुसरी म्हणजे थ्रेडला थांबवण्याचा साधा बूलियन. कुणीतरी त्याला व्होलटाइल केलं होतं. सी++ मध्ये व्होलटाइलने थ्रेडमधला क्रम लागत नाही. जावात २००४ च्या जावा ५ पासून लागतो, म्हणून गोंधळ होतो. अ‍ॅटॉमिक बूल वापरा.

पुन्हा कंपाइल करणं शक्य नसेल तर व्हॅलग्रिंडमधलं हेलग्रिंड आहे. थ्रेडसॅनिटायझरपेक्षा बरंच हळू, आणि ते एका वेळी एकच थ्रेड पळवतं, पण तयार बायनरीवर चालतं. गो लिहिणाऱ्यांना २०१३ मध्ये आलेल्या १.१ आवृत्तीपासून "रेस" हा फ्लॅग मिळतो, टेस्ट चालवताना तोच लावायचा. आम्ही आता रोज रात्री थ्रेडसॅनिटायझरचा बिल्ड दोन खोट्या काट्यांसह चालवतो. शेवटी पावत्यांची बेरीज आणि एकूण यांची तुलना असते, कारण रेस कंडिशनची चूक त्याच तुलनेत दिसते.

चवथीच्या आदल्या आठवड्यात मी नवा बिल्ड घेऊन वाळपईला गेलो. सोबत जूनपासूनच्या प्रत्येक चुकलेल्या दिवसाचा कागद: इतका फरक, ही पावती, त्याच सेकंदाची ती दुसरी पावती. सकाळच्या दुधाला सगळे जमलेले असताना सचिवांनी ते कागद मोठ्याने वाचले आणि चूक प्रोग्रॅमची होती असं सांगितलं. ती मुलगी दुसऱ्या काट्यावर होती. वाचून होईपर्यंत तिने एक कॅन उतरवून घेतला, पावती फाडून दिली. आता प्रत्येक वेळेच्या शेवटी छापल्या जाणाऱ्या कागदावर दोन ओळी असतात, एक एकूणची आणि एक पावत्यांच्या बेरजेची, आणि खाली तिची सही.